ताप अंगावर काढू नये : एका अपूर्ण हंगामाची कथा

वाचकहो, 'दुखणे अंगावर काढणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार मी गेली तीस वर्षे दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकतो. सांगणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडा अभिमान असतो. "डॉक्टर, चार दिवस अंगावरच काढले, आज मात्र उठवेना, म्हणून आलो." आपल्याकडे सहनशीलता हा गुण मानला जातो, आणि तो गुण आहेही. परंतु काही दुखण्यांच्या बाबतीत हाच गुण घातक ठरतो. ते पटावे म्हणून आज एक दूरची कथा सांगणार आहे. ती बर्फावरच्या हॉकीची आहे. हा खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. पण कथेतील दुखणे आपल्या घरांना चांगलेच परिचित आहे.

तीन संघांची स्पर्धा

कॅनडात नोव्हेंबर १९१७ मध्ये 'नॅशनल हॉकी लीग' ही व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. आज ती जगातील सर्वांत मोठी आइस हॉकी स्पर्धा आहे, पण आरंभीची तिची अवस्था बेताचीच होती. पहिल्याच हंगामात, जानेवारी १९१८ मध्ये, मॉन्ट्रियल शहरातील क्रीडागृह आगीत भस्मसात झाले आणि तेथील 'वाँडरर्स' हा संघ कायमचा बंद पडला. १९१८-१९ च्या दुसऱ्या हंगामास मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, ओटावा आणि टोरांटो असे तीनच संघ उरले होते. त्यांतून टोरांटोने फेब्रुवारी १९१९ मध्ये माघार घेतली. उरलेल्या दोन संघांत निर्णायक सामने झाले, त्यांत मॉन्ट्रियलने ओटावाचा चार विरुद्ध एक असा पराभव केला.

त्या काळी अंतिम लढत होई ती पूर्वेचा विजेता आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या दुसऱ्या लीगचा विजेता यांच्यात. विजेत्यास 'स्टॅनली चषक' मिळे. पश्चिमेचा विजेता होता अमेरिकेतील सिएटल शहराचा 'मेट्रोपॉलिटन्स' संघ. याच संघाने १९१७ साली मॉन्ट्रियलला हरवून चषक जिंकला होता. अमेरिकेतील संघाने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. साहजिकच मॉन्ट्रियलच्या खेळाडूंना त्या पराभवाची परतफेड करावयाची होती. रेल्वेने अवघे खंड ओलांडून ते मार्च १९१९ मध्ये सिएटलला पोहोचले.

पाच सामने

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. पायांत पोलादी पात्यांचे स्केट्स बांधून खेळाडू बर्फाच्या पटांगणावर वेगाने धावतात आणि काठीने रबराची चकती प्रतिस्पर्ध्याच्या गोलात मारतात. आज संघात भरपूर राखीव खेळाडू असतात आणि दर मिनिटाभराने ते आळीपाळीने विश्रांती घेतात. १९१९ मध्ये राखीव खेळाडू मोजकेच असत; प्रमुख खेळाडू जवळजवळ पूर्ण साठ मिनिटे बर्फावर राहत.

१९ मार्चचा पहिला सामना सिएटलने ७-० असा एकतर्फी जिंकला. दुसरा मॉन्ट्रियलने ४-२ असा जिंकला. तिसरा पुन्हा सिएटलने ७-२ ने घेतला. २६ मार्चचा चौथा सामना दोन्ही गोलरक्षकांनी अक्षरशः अडवून धरला. वीस मिनिटांचा जादा वेळ खेळूनही गोलफलक ०-० राहिला आणि सामना अनिर्णित घोषित झाला. पाचव्या सामन्यात सिएटल तीन गोलांनी पुढे होते, तरी मॉन्ट्रियलने बरोबरी साधली आणि जादा वेळात ४-३ असा विजय मिळवला. आता दोन्ही संघांचे दोन-दोन विजय झाले. सहावा सामना १ एप्रिल रोजी ठरला.

याच पाचव्या सामन्यात मॉन्ट्रियलचा बचावपटू जो हॉल खेळ अर्धवट टाकून बाहेर गेला. त्याचे वय ३७ वर्षांचे होते. जन्म इंग्लंडमधला, वाढलेला कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात. आडदांड खेळामुळे लोक त्याला 'वाईट जो' म्हणत. असा माणूस स्वतःहून मैदान सोडतो, तेव्हा काहीतरी गंभीर आहे हे समजण्यास डॉक्टरची गरज नसते.

१ एप्रिल

सामन्याला काही तास उरले असताना मॉन्ट्रियलच्या संघात उभे राहू शकतील असे पुरेसे खेळाडूच नव्हते. हॉल, मॅकडोनाल्ड, लालॉन्द, कुतू, बर्लिंगेट आणि संघाचे मालक-व्यवस्थापक जॉर्ज केनेडी हे सारे तीव्र तापाने अंथरुणास खिळले होते. कारण होते इन्फ्लुएन्झा. १९१८ च्या शरद ऋतूत सिएटलने ही साथ भोगली होती. सभागृहे बंद केली होती, मुखपट्ट्या सक्तीच्या केल्या होत्या. नोव्हेंबरात युद्ध संपले, निर्बंध उठले, आणि साथ संपली असे लोकांनी मानले. ती संपली नव्हती.

सामना रद्द झाला. केनेडींनी चषक सिएटलला देऊ केला, कारण नियमानुसार न खेळणारा संघ पराभूत ठरतो. सिएटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी तो घेण्यास नकार दिला. आजारी प्रतिस्पर्ध्यावर मिळालेला विजय हा विजय नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ५ एप्रिल १९१९ रोजी, चार दिवसांनी, जो हॉल सिएटलमधील रुग्णालयात न्यूमोनियाने मरण पावला. इतर खेळाडू बरे झाले. केनेडी घरी परतले खरे, परंतु त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांचेही निधन झाले. त्या वर्षीचा चषक कोणासही दिला गेला नाही. पुढे चषकाची नव्याने घडण झाली तेव्हा त्यावर दोन्ही संघांची नावे कोरली गेली, आणि खाली 'मालिका पूर्ण झाली नाही' अशा अर्थाचे शब्द.

आपल्या घरांतील आठवण

ही साथ आपल्यालाही परकी नाही. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरातून देशात शिरली आणि रेल्वेच्या वाटेने सर्वत्र पसरली. महाराष्ट्राच्या खेड्यांत तिला 'मानमोडी' म्हणत. आपल्यापैकी ऐंशीच्या घरातील वाचकांनी हा शब्द आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. एखाद्या घरात त्या वर्षी गेलेल्या माणसांची नावेही सांगितली जात असतील. भारतात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे जनगणनेतील एकमेव दशक, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

सिएटलच्या त्या डॉक्टरांकडे होते तरी काय? पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला गेला तो १९३३ मध्ये. लस आली १९४० च्या दशकात. त्यांच्या हाती होती ती शुश्रूषा, विश्रांती आणि प्रार्थना. आज आपल्या हाती लस आहे, विषाणूविरोधी औषध आहे, प्रतिजैविके आहेत, प्राणवायू आहे. तरीही दरवर्षी फ्ल्यूने ज्येष्ठ माणसे दगावतात. त्यामागे बहुतेक वेळा 'अंगावर काढणे' हेच कारण मला दिसते.

माझी चूक

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. बारा वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मला ताप आला. दवाखान्यात गर्दी होती. गोळी घेऊन मी तीन दिवस काम केले आणि रात्री घरी येऊन नेहमीप्रमाणे आईजवळ बसून जेवलो. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. चौथ्या दिवशी ती जेवली नाही. ताप नव्हता, खोकलाही किरकोळ होता. वयोमानाने भूक मंदावली असेल, असे मी, एक डॉक्टर, समजलो. सहाव्या दिवशी सकाळी तिने मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. मामांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.

छायाचित्रात दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला. आई अकरा दिवस रुग्णालयात होती. ती घरी आली, पण पूर्वीसारखी देवळापर्यंत एकटी चालत गेली नाही. आजार तिला माझ्यामुळेच झाला हे सिद्ध करता येणार नाही. माझ्या मनात मात्र शंका नाही. रुग्णांना जे रोज सांगतो तेच मी पाळले नव्हते.

काळजी घेणाऱ्यांनी काय ओळखावे

फ्ल्यूचा विषाणू श्वासनलिकेच्या आतील संरक्षक अस्तर खरवडून काढतो. त्या उघड्या जागेवर जीवाणू ठाण मांडतात आणि न्यूमोनिया होतो. पुष्कळदा ताप उतरून रुग्णास थोडे बरे वाटू लागते आणि मग प्रकृती पुन्हा बिघडते. हे दुसरे बिघडणे अत्यंत महत्त्वाचे आहे. त्याखेरीज फ्ल्यूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढलेला असतो.

ज्येष्ठांमध्ये लक्षणे वेगळी दिसतात. ताप असेलच असे नाही. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष असू द्यावे :

- अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, माणसे न ओळखणे, सतत झोपून राहणे
- जेवण-पाणी बंद होणे, लघवी फार कमी होणे
- एकाएकी तोल जाणे किंवा पडणे
- स्वस्थ बसले असताना मिनिटाला २४ पेक्षा अधिक श्वास
- बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा. ज्यांना फुप्फुसाचा जुना विकार आहे त्यांनी आपला सुरक्षित आकडा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावा
- छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, धाप लागणे

यांपैकी एकही लक्षण दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. विषाणूविरोधी औषधाचा सर्वाधिक उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही.

आणि घरातील कमावत्या माणसांसाठी : लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून साधारण पाच ते सात दिवस आपण इतरांना आजार देऊ शकतो. ताप असेल तर आई-वडिलांची सेवा दुसऱ्या कोणाकडे सोपवावी. ते शक्य नसेल तर मुखपट्टी बांधावी, हात धुवावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल, तेव्हाच कामावर परतावे.

फ्ल्यूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपले रूप बदलत राहतो. तिचा प्रभाव सुरू होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या अखेरीस रुग्ण वाढतात, तेव्हा त्यापूर्वीच ती घेतलेली बरी. न्यूमोकॉकस जीवाणूविरुद्धच्या लशीबद्दलही आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

गोलरक्षकाची गोष्ट

मॉन्ट्रियलच्या त्या संघाचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९१९ च्या साथीतून वाचला. तो अबोल आणि अतिशय चिवट होता. वर्षानुवर्षे त्याने एकही सामना चुकवला नव्हता. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी अंगात ताप असताना तो गोलात उभा राहिला आणि खेळ सुरू असताना कोसळला. त्याला क्षयरोग होता. चार महिन्यांत, २७ मार्च १९२६ रोजी, तो गेला. त्याच्या नावाचे पारितोषिक आजही दरवर्षी उत्तम गोलरक्षकास दिले जाते. मला मात्र वाटते, कोणीतरी त्याला काही महिने आधी घरी बसवले असते तर! दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन ही लक्षणे असतील तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते आणि क्षयरोग आज औषधांनी बरा होतो.

वाचकहो, मल्डून यांनी चषक नाकारला, सामना रद्द झाला, आणि जग काही थांबले नाही. आपलीही कामे चार दिवस थांबू शकतात. आज संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांजवळ जरा वेळ बसा. ते नेहमीइतके जेवले का, नेहमीसारखे बोलतात का, एवढे पाहा. आणि स्वतःला कणकण वाटत असेल, तर आज त्यांच्यापासून थोडे दूर बसा.