सर्पसंगोपन : लेखांक सहावा – नव्या सापाचा उपवास

पेटी मांडून झाली, उष्णतेचा बंदोबस्त झाला, पाण्याचे भांडे जागेवर बसले, आणि आता हा प्राणी आपल्या हातचे अन्न स्वीकारील अशा उत्कंठेने घरातील सारी मंडळी पेटीभोवती जमली असता तो मात्र वेटोळ्यांत डोके खुपसून निश्चल पडून राहतो, पुढे धरलेल्या भक्ष्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि हा प्रकार तीन-तीन आठवडे चालतो, तेव्हा पाळणाऱ्याच्या मनाची जी तगमग होते ती मी इंग्लंडात लेस्टर येथे माझ्या पुतण्याच्या घरी मुक्कामास असताना अगदी जवळून पाहिली आहे. “काका, हा उपाशी मरेल हो,” असे तो रोज रात्री म्हणे, आणि रोज रात्री पुन्हा पेटीचे झाकण उघडी. त्या झाकण उघडण्यातच त्या उपवासाचे निम्मे कारण दडलेले होते, हे त्याला पटवून देण्यास मला बरेच दिवस लागले.

त्याने आणलेला साप म्हणजे रॉयल पायथन ह्या जातीचा अजगर. अमेरिकेत ह्यालाच बॉल पायथन म्हणतात, कारण भय वाटताच तो अंगाचा चेंडू करून डोके त्या चेंडूच्या गाभ्यात लपवतो. आपल्या अजगराच्या मानाने हा फारच लहान; पूर्ण वाढ झाली तरी तीन ते पाच फुटांचा. ह्याचा मूळ मुलूख पश्चिम आणि मध्य आफ्रिका. घाना, टोगो आणि बेनिन ह्या देशांतून त्याची परदेशी रवानगी होत आली आहे, आणि त्याच बेनिनमध्ये विदा ह्या गावी त्याचे देवालय असून तेथील लोक त्याला पवित्र मानतात. दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत अंग आवळून राहावे आणि रात्री बाहेर पडावे, ही त्याची दिनचर्या. ती ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक उपाय आपोआप सुचत जातात.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. आपल्याकडील नाग, धामण, अजगर आदी साप घरी बाळगणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. तेव्हा ह्या लेखातील मजकूर, जेथे साप पाळण्यास मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी समजावा. आणि नव्या सापापुढे दुधाची वाटी ठेवण्याचा मोह तेथेही कोणी धरू नये. साप दूध पितो ही समजूत ज्या सापांवरून रूढ झाली ते नागपंचमीपूर्वी दिवसेंदिवस तहानलेले ठेवलेले असत. असा जीव समोर येईल ते द्रव पितो, आणि ते दूध त्याला बाधते.

सापाच्या दृष्टीने खाणे ही किती जोखमीची आणि खर्चाची बाब आहे, ह्याची कल्पना दिवसातून दोनदा पानावर बसणाऱ्या आपणास सहसा येत नाही. भक्ष्य गिळत असता त्याचा जबडा गुंतलेला असतो, त्याला चावता येत नाही, आणि पोट फुगल्यावर चपळाईने पळता येत नाही. शिवाय दोन भोजनांमधील दीर्घ काळात त्याचे आतडे आक्रसून जवळजवळ विश्रांती घेत असते, आणि भक्ष्य पोटात पडताच ती सारी यंत्रणा नव्याने उभारावी लागते. ब्रह्मदेशी अजगरावरील एका प्रयोगात, भोजनानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचे स्नायू सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले होते. एवढा पसारा मांडण्यापूर्वी सापाला दोन गोष्टींची खातरजमा हवी असते : आपण सुरक्षित आहोत, आणि हे अन्न पचवण्याइतकी ऊब आपल्याजवळ आहे. स्वतःच्या देहात उष्णता निर्माण करून ती राखण्याची सोय त्याच्यापाशी नाही. थंडीत गिळलेला उंदीर पोटातच कुजू लागतो, आणि मग तो ओकून टाकावा लागतो. हे त्याच्या शरीराला ठाऊक असते, म्हणून तो आधीच तोंड मिटून बसतो.

आम्ही प्रथम उष्णतेची रुजवात घेतली. पुतण्याचे तापमापक पेटीच्या काचेला वरच्या बाजूस चिकटवलेले होते आणि ते 31 अंश दाखवीत होते. पण त्याचा तारेचा स्पर्शक साप जेथे बसतो त्या जमिनीवर टेकवला तेव्हा आकडा 27 वर येऊन थांबला. उबेची बाजू 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि गार बाजू 25 ते 27 अंश, असा फरक पेटीत असावा लागतो, म्हणजे साप आपल्या गरजेनुसार जागा बदलू शकतो. थर्मोस्टॅटचा काटा त्याप्रमाणे बदलला. नंतर लपण्याच्या जागेकडे वळलो. दुकानातून आणलेली ती नकली गुहा दिसण्यास सुरेख होती, पण तीत असे तीन साप मावले असते. बिळाच्या भिंती अंगाला चोहोबाजूंनी लागल्याखेरीज ह्या जातीच्या सापास निर्धास्तपणा येत नाही; म्हणून आम्ही प्लास्टिकचे दोन बसके डबे पालथे घालून त्यांना दार कापले, एक उबेच्या बाजूला ठेवला व एक गार बाजूला, आणि पेटीच्या तीन बाजूंस कागद लावला. त्याच रात्री साप उबेच्या डब्यात शिरला. त्यानंतर सात दिवस पाणी बदलण्यापलीकडे कोणीही पेटीत हात घालायचा नाही, असा करार मी पुतण्याकडून करवून घेतला. तो पाळणे त्याला फार जड गेले.

ह्या अवधीत मी त्याला विक्रेत्याकडे चौकशी करण्यास सांगितले. साप घेताना त्याच्या भोजनाची नोंद मागून घेणे, आणि शक्य तर तो खाताना प्रत्यक्ष पाहणे, हा पहिला नियम. तो येथे पाळला गेला नव्हता. “उत्तम खातो” एवढेच त्याला सांगण्यात आले होते. काय खातो, हे आता उघड झाले : त्याला आजवर लहान पांढऱ्या उंदरांची सवय होती, तीही जिवंत, आणि आम्ही तीन आठवडे त्याच्यापुढे गोठवून वितळवलेले घुशीच्या जातीचे पिल्लू धरीत होतो. गंधावर चालणाऱ्या ह्या प्राण्याला ती वस्तू अन्न म्हणून ओळखूच आली नसावी. मूळ मुलखात ही जात तिकडचे उंदीर आणि पक्षी खाते. प्रयोगशाळेतील उंदराची ओळख तिला जन्मतः नसते, ती लावावी लागते.

जिवंत उंदीर पेटीत सोडण्यास मात्र मी ठाम नकार दिला. भुकेला नसलेला साप स्वसंरक्षण करीत नाही, आणि घाबरलेला उंदीर त्याची पाठ व डोळे कुरतडतो. अशा जखमांनी साप दगावल्याची उदाहरणे आहेत. आठव्या दिवशी सापाच्या सर्वांत जाड भागाइतक्याच जाडीचा एक गोठवलेला उंदीर सकाळी फ्रीजमध्ये वितळण्यास ठेवला, आणि रात्री दिवे मालवल्यावर तो पिशवीत बांधून कढत पाण्यात बुडवला. (मायक्रोवेव्हमध्ये तो कधीही तापवू नये, आतून शिजतो आणि फुटतो.) सजीव देहाइतका, किंबहुना किंचित अधिक उष्ण झाल्यावर तो पुसून कोरडा केला. ह्या सापाच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. काळोखात त्याला भक्ष्य दिसते ते पुष्कळसे त्या खाचांनी. म्हणून उबेचे डोके पुढे येईल अशा बेताने पुतण्याने लांब चिमट्यात उंदीर शेपटाच्या बाजूने धरला आणि डब्याच्या दारापासून वीतभर अंतरावर किंचित हालवला.

प्रथम काहीच घडले नाही. मग दारातून नाकाचे टोक दिसले, जीभ एकदा बाहेर आली, वर-खाली लवली, आत गेली. पुन्हा आली, आणि ह्या वेळी अधिक सावकाश. मान मागे सरून तिची दुमड झाली. पुतण्याचा हात थरथरत होता, त्याला मी कुजबुजून “हालू नकोस” म्हणालो, आणि तेवढ्यात झडप झाली. उंदीर चिमट्यातून निसटला, त्याच्याभोवती तीन विळखे पडले, आणि दहा-बारा मिनिटे ते विळखे मेलेल्याच उंदराला आवळीत राहिले. गिळून झाल्यावर त्याने दोनदा मोठी जांभई देऊन जबडा जागेवर बसवला आणि तो डब्यात परतला.

असे पहिल्याच प्रयत्नात सर्वांना साधेल असे नाही. साप अर्ध्या तासात न घेईल तर भक्ष्य काढून घ्यावे व पुढील प्रयत्न निदान सात दिवस तहकूब करावा; रोज आर्जव केल्याने भीती तेवढी वाढते. दर आठवड्यास स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून तारीखवार नोंद ठेवावी, कारण काळजी करावी की न करावी ह्याचा निवाडा डोळ्यांनी होत नाही. आमचा साप आला तेव्हा 412 ग्रॅम होता आणि चौथ्या आठवड्यात 396. मोठा साप हिवाळ्यात महिनोन्‌महिने न खाताही सुस्थितीत राहू शकतो. वजन दहावा हिस्सा घटले, तोंडाशी फेस किंवा श्वासाला घरघर आढळली, तर सर्पांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. जबरीने तोंड उघडून घास घालणे हे त्या वैद्याचे काम आहे. घरी हा प्रयोग केल्यास जबडा दुखावतो, आणि अन्नाची जी धास्ती बसते ती जाता जात नाही.

भोजनानंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी पुतण्याने त्याला प्रथमच निश्चिंतपणे उचलले. पुढच्या आठवड्यात मात्र ठरल्या रात्री धरलेला उंदीर त्याने पुन्हा नाकारला, आणि पुतण्याचा चेहरा पडला. मी विजेरी आणवून डब्याच्या दारात अंधूक प्रकाश पाडला : डोळ्यांवर दुधी-निळी झाक आली होती, पोटाखालची त्वचा फिकटली होती. साप कात टाकण्याच्या बेतात होता, आणि ह्या काळात बहुतेक साप खात नाहीत. उंदीर टाकून दिला, पेटीतील दमटपणा वाढवण्यासाठी ओले शेवाळ ठेवले, आणि नोंदवहीत “नाकारले, कात” एवढे लिहून झाकण लावले. कात टाकण्याचा विचार पुढील लेखांकात करू.