पाच रोबो आणि एक पेनड्राइव्ह

“रोबो बसलेत, एंट्री हातानेच करा,” असा निरोप चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या लेखा विभागात एप्रिलच्या सुरुवातीला फिरला. शॉपफ्लोअरवर वेल्डिंग करणारे रोबो ठणठणीत होते. बसले होते ते ऑफिसातले, सर्व्हरवर चालणारे, हातपाय नसलेले. त्यांचं लायसन्स ३१ मार्चला संपलं होतं. नूतनीकरणाचा कागद मार्चअखेरच्या बिलांखाली दबून राहिला आणि ज्या आठवड्यात रोबोंची मोठी गरज, नेमक्या त्याच आठवड्यात ते ठप्प झाले.

हे रोबो यूआयपाथ या प्लॅटफॉर्मवरचे. डॅनियल डाइन्स आणि मारियस टिर्का यांनी २००५ साली बुखारेस्टमध्ये डेस्कओव्हर नावाने सुरू केलेली ही कंपनी एप्रिल २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा शेअरचा भाव ठरला होता ५६ डॉलर. माणूस माउस आणि कीबोर्डने जे करतो, तेच ही सॉफ्टवेअर करतात: ईमेल उघडायची, बिलातला आकडा उचलायचा, ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या प्रणालीत, टाकायचा. काही रोबो कर्मचाऱ्याच्या शेजारी, त्याच्याच संगणकावर चालतात. काही मात्र रात्री-अपरात्री, कोणी समोर नसताना. कारखान्याने घेतलेले दुसऱ्या जातीचे होते. किती? पाच.

लायसन्सची नवी की अखेर ईमेलने आली. सर्व्हर इंटरनेटला जोडलेला असता तर पुढचं काम काही मिनिटांचं होतं: की टाकायची, बटण दाबायचं, विक्रेत्याचा सर्व्हर पलीकडून होकार देणार. पण सुरक्षेसाठी इथला सर्व्हर बाहेरच्या जगापासून तोडलेला आहे. त्यामुळे रस्ता ऑफलाइन. ते काम आयटीतल्या एका मॅडमकडे आहे. पूर्वी त्या लेखा विभागातच होत्या आणि आज रोबो करतात ती बिलांची जुळवणी त्यांनी अनेक वर्षं हाताने केली आहे. अजूनही एखाद्या पुरवठादाराचं बिल त्या नुसत्या मांडणीवरून ओळखतात.

मॅडमनी सर्व्हरवर विनंतीची फाइल तयार केली. उघडून पाहिली तर आत माणसाला न वाचता येणाऱ्या अक्षरांचा गठ्ठा. ती पेनड्राइव्हवर घ्यायची, तर यूएसबी पोर्ट बंद. पोर्ट तासाभरासाठी उघडायला साहेबांच्या मंजुरीचं मेल हवं, आणि साहेब मीटिंगमध्ये. मंजुरी आली, तशा मॅडम सर्व्हर रूमच्या गारठ्यातून स्वेटर सावरत बाहेर आल्या, जिना उतरल्या आणि खालच्या मजल्यावरच्या इंटरनेट असलेल्या संगणकाशी बसल्या. विक्रेत्याच्या पानावर फाइल चढवली, उत्तराची फाइल उतरवली, पुन्हा जिना, पुन्हा सर्व्हर.

एका ठिकाणची माहिती उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणं, याच कंटाळवाण्या कामातून माणसाची सुटका करतो असं सांगून हे रोबो विकले जातात. त्यांना स्वतःला उठवायला मात्र तेच काम लागतं आणि ते माणूसच करतो. विक्रीच्या सादरीकरणात या जिन्याचा उल्लेख नसतो.

पडद्यावर लायसन्स वैध दिसू लागलं. रोबो तरीही हलेनात. शेजारी उभा असलेला नवा इंजिनिअर गोंधळला, “मॅडम, अॅक्टिव्हेट तर झालं ना?” झालं होतं, पण वाटप बाकी होतं. आलेली संख्या आधी टेनंटला, म्हणजे सर्व्हरवरच्या आपल्या कप्प्याला, द्यावी लागते आणि मग ज्या यंत्रावर रोबो चालणार त्या यंत्राच्या नावे लावावी लागते. मॅडमनी शून्य खोडून तिथे ५ लिहिलं. रांगेत ‘पेंडिंग’ म्हणून अडकलेली कामं एकेक करून ‘रनिंग’ झाली. पाच झाली आणि सहावं थांबलं.

खरेदी विभागातले साहेब तेवढ्यात येऊन पडद्याकडे बघत होते. “आपण पाच रोबो घेतले, मग यादीत सात कसे?”

“सात कामं आहेत सर. पाच म्हणजे एका वेळी पाच. तिकिटाच्या पाच खिडक्या समजा, रांगेत कितीही उभे राहू देत.”

साहेबांचं समाधान झालेलं दिसलं नाही. पण खरी गोम इथेच आहे. लायसन्स रोबोने किती बिलं उरकली ते मोजत नाही, एकाच क्षणी किती रोबो चालतात ते मोजतं. महिनाभर पाच खिडक्या पुरून उरतात. मग १४ तारखेला जीएसटीचं जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होतं, २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरायचं असतं आणि त्या आठवड्यात सगळ्यांनाच खिडकी हवी असते. कोणतं काम रात्री दोनला आणि कोणतं पहाटे चारला लावायचं, हे वेळापत्रक मॅडम स्वतः बसवतात. पाचाचे सात न करता पाचात भागतं ते या डोकेबाजपणामुळे. बिलावर त्याची ओळ कुठेच नसते.

दुपारी लेखा विभागात दोघं जण अजून हाताने एंट्री करत होते. रोबो सुरू झाल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं, त्यामुळे काही बिलं दोनदा चढली. ती शोधून काढायचं कामही मॅडमकडेच आलं. त्याआधी त्यांनी पुढच्या वर्षीच्या १ फेब्रुवारीचं रिमाइंडर लावलं आणि नूतनीकरणाचं मेल आत्ताच खरेदीला पाठवून दिलं. उत्तर संध्याकाळच्या आत आलं: “चारात भागेल का?”