अक्षर न वळणारी मुले

उद्यमनगरात माझ्या ओळखीचा एक टर्नर आहे. लेथवर तो सुताचाही फरक पडू देत नाही. मालकापुढे मुद्दा मांडावा तो त्यानेच. परंतु रजेचा अर्ज लिहायची वेळ आली की कागद माझ्याकडे सरकवतो. त्याचे गुरुजी त्याला आळशी म्हणत. पुष्कळ वर्षे मीही तेच समजत होतो. आता त्याचा मुलगा पाचवीत आहे आणि त्याच्या वहीतही तीच तऱ्हा दिसते.

या अडचणीला डिसग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता, असे नाव आहे. ती पुष्कळदा घराण्यात चालत येते. लिहिताना अक्षराचा आकार आठवायचा, हात वळवायचा, शब्द जुळवायचे आणि मनातला विचारही धरून ठेवायचा, अशी चार कामे एकदम चालतात. आपल्याला सवयीने हे जाणवत नाही. या मुलाची सगळी शक्ती अक्षर काढण्यातच खर्च होते आणि विचार हातून निसटतो. त्यात आपली लिपीही परीक्षा पाहते. ‘कि’ म्हणताना इकार नंतर येतो, पण ऱ्हस्व वेलांटी बसते क च्या डावीकडे; दीर्घ मात्र उजवीकडे. घ आणि ध, भ आणि म यांत फरक तो केवढा!

शिक्षकाने ओळखावे कसे? तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर शेजारी ठेवून पाहावे. तोंडाने भरभर सांगणारे मूल कागदावर दोनच ओळी लिहीत असेल, एकच शब्द एका पानात तीन तऱ्हांनी लिहीत असेल, पेन्सिल आवळून धरून हात दुखतो म्हणत असेल, तर थांबून विचार करावा. आधी डोळे तपासून घ्यावेत. निदान तज्ज्ञांनी करायचे. आपण शिक्का मारू नये.

शिक्षा म्हणून तेच दहादा लिहायला लावणे हा तर उपाय नव्हेच. फळ्यावरचे सगळे उतरवून घ्यायला लावू नये. टिपण हाती द्यावे. दुरेघी वही द्यावी, वाळूत मोठी अक्षरे गिरवू द्यावीत, अक्षराचे गुण वेगळे आणि आशयाचे वेगळे ठेवावेत. ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात डिसग्राफियाचे नाव घातलेले आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. जनगणना, निवडणूक सांभाळून भरगच्च वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाकडून हे मागताना मला संकोच वाटतो, हेही सांगतो. संघटनेने त्यांचा भार कमी करण्याची मागणीही याच दमात करावी.

परवा त्या टर्नरच्या मुलाला बाईंनी शाहू महाराजांविषयी तोंडी विचारले. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता, हे त्याने न अडखळता सांगितले. बाईंनी ते स्वतःच्या हाताने त्याच्या वहीत उतरवले आणि खाली गुण दिले. बापाने ती वही मला आणून दाखवली.