देखणा कोंबडा आणि पांढुरकी अंडी

आमच्या घरची अंडी आठवड्यातून दोनदा शाळेत जातात. पालीहून बीडला निघताना डब्याच्या पिशवीत भुशात ठेवलेली तीस-चाळीस अंडी असतात आणि मधल्या सुट्टीच्या आत ती संपतात. गिऱ्हाईक म्हणजे आमचेच सहकारी. अम्मींच्या कोंबड्यांची अंडी तांबूस, घट्ट कवचाची, म्हणून दोन पैसे जास्त द्यायलाही कोणी कुरकुर करत नाही. दोन वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी डझनभर अंडी परत आणून टेबलावर ठेवली आणि हसतच विचारले, "सर, गावरानच्या भावात फार्मची मिसळायला लागलात की काय?"

अंडी आमच्याच खुराड्यातली होती, पण रंग खरोखरच उतरला होता. निम्मी अंडी पांढुरकी, दुधात चहाचा थेंब पडावा तशी. वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्या माणसाने आता काय सांगावे? "घरचीच आहेत हो" म्हणालो, पण ते आमचे आम्हालाच लंगडे वाटले. पैसे परत दिले. घरी येऊन अम्मींना सांगितले, तर त्या अंगणातल्या कोंबड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मुर्गे की शकल नको देखो, उसकी माँ के अंडे देखो, बोली थी ना मैं!"

त्या तसे म्हणाल्या होत्या, हे खरे. आदल्या वर्षी आम्ही बाजारातून बाराशे रुपयांना एक कोंबडा आणला होता. उंच, ताठ मानेचा, पाठीवर सोनेरी-लाल पिसे, शेपटीवर हिरवट चमक. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितले, "खालिस असील आहे." घरातली मुले त्याच्यावर खूश, आम्हीही खूश. जुना, एका डोळ्याने अधू झालेला कोंबडा त्याच महिन्यात सालनात गेला. चूक झाली ती तिथे.

असील हा शब्द आपल्या घरांना परका नाही. अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ, त्यावरून असील, म्हणजे खानदानी. मराठीतला 'अस्सल' त्याच मुळाचा. ही जात भारतातल्या सर्वात जुन्या जातींपैकी आहे. उभी चाल, आखूड चोच, वाटाण्याच्या दाण्यासारखा बसका तुरा ही तिची ओळख. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती झुंजीसाठी निवडली. म्हणून अंगात जोर आला, अंडी मात्र कमी राहिली. झुंज लावणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि जनावरांना एकमेकांवर सोडणे आपल्या दीनमध्येही मना आहे. तरी असीलच्या नावाची बाजारातली किंमत उतरलेली नाही. त्या नावाखाली काय काय विकले जाते हे आम्हाला नंतर कळले. आमच्या त्या पठ्ठ्याचा तुरा बसका नव्हता, एकेरी, करवतीसारखा होता. तेवढे पाहिले असते तरी पुरे होते.

आता अंड्याचा रंग येतो कुठून? अंडे कोंबडीच्या पोटात साधारण एक दिवस घडते. त्यातले सुमारे वीस तास कवच चढण्यात जातात आणि तांबूस रंग शेवटच्या काही तासांत वरून बसतो. तांबूस अंडे फोडून आतली बाजू पाहा, ती पांढरीच दिसेल. निळ्या अंड्याचे तसे नाही. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या मापुचे लोकांकडच्या कोंबड्या निळसर अंडी देतात, त्यांचा रंग कवचात आरपार असतो. पनेट नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवून दिले की हा निळा रंग एकाच जनुकाचा खेळ आहे. आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. तांबूस रंग तसा सोपा नाही. तो अनेक जनुकांनी मिळून ठरतो. गडद अंड्याच्या कोंबडीवर पांढऱ्या अंड्याच्या वंशाचा कोंबडा सोडला, तर लेकींची अंडी मधल्या रंगाची, फिकट होतात.

कोंबडा अंडे देत नाही, पण अंड्याचा अर्धा रंग त्याच्याकडून येतो. तो त्याच्या पिसांत दिसत नाही, तुऱ्यात दिसत नाही. तो दिसतो त्याच्या आईच्या, बहिणींच्या आणि शेवटी लेकींच्या अंड्यांत. आमच्या कोंबड्याच्या मागच्या पिढीत कुठेतरी लेगहॉर्न असावी. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाची ही जात पांढऱ्या अंड्यांची, आणि आपल्या फार्मवरच्या पांढऱ्या कोंबड्यांचे मूळ तीच.

खुराकाने कवचाचा रंग बदलत नाही. हिरवा पाला, मका, शेवग्याची पाने यांनी आतला बलक पिवळाधमक होतो, तेवढेच. आणि सांगायला जिवावर येते, कारण आमचाच धंदा आहे, पण तांबूस अंडे पांढऱ्यापेक्षा जास्त पौष्टिक नसते. पोषण कवचाच्या रंगात नसते. तरी गिऱ्हाईक रंगावरून 'गावरान' ओळखते, आणि म्हणूनच बाजारात पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून तांबूस करणारे लोकही भेटतात. कडकनाथचे असेच. कोंबडी काळी, मांस काळपट, म्हणून अंडीही काळी असतील असे पुष्कळांना वाटते. ती फिकट तांबूस किंवा दुधी असतात. काळे अंडे कोणी दाखवले तर ते रंगवलेले आहे असे खुशाल समजावे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीचे कडकनाथ प्रकरण राज्यभर गाजले. पिल्ले घ्या, अंडी आम्हीच परत विकत घेऊ, या करारात कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. रंगाला भाव आला की हे असे होते.

मग आम्ही वही घातली. शिक्षकाच्या घरात दुसरे काय निघणार! जुन्या हजेरीपटाची कोरी पाने, उभ्या रकान्यांत कोंबड्या, आडव्या तारखा. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाचे प्लॅस्टिकचे कडे. कोणते अंडे कोणाचे हे कळायला अम्मींची जुनी रीत कामाला आली. सकाळी खुराडे उघडताना कोंबडी चाचपायची. अंडे हाताला लागले की तिला डालग्याखाली झाकायची आणि अंडे दिल्यावरच मोकळी सोडायची. पहिले पंधरा दिवस आमच्याकडून दोन कोंबड्या दुपारपर्यंत डालग्याखालीच विसरल्या. त्यांनी अंडी दिली, वर घरभर शिव्याही दिल्या.

वहीने एक गोष्ट लवकर शिकवली. एका अंड्यावरून निकाल लावायचा नाही. कोंबडी जसजशी अंडी देत जाते तसतसा रंग फिका पडत जातो. वय वाढले की फिका पडतो, उन्हाने किंवा कुत्र्याच्या भीतीनेही पडतो. म्हणून तलंग अंड्यावर आली की तिची पहिली दहा अंडी एकाशेजारी एक ठेवून पाहायची. मोठ्या मुलीने रंगांच्या दुकानातून फुकट मिळणारे भिंतीच्या रंगाचे पत्रक आणले आणि त्यावर एक ते सहा आकडे घातले. तेव्हापासून आमच्याकडे अंड्याला रंगाचे गुण मिळतात.

सर्वाधिक गुण मिळाले ते उघड्या मानेच्या कोंबडीला. मानेवर एक पीस नाही, लाल कातडी उघडी, मुले तिला बघून नाक मुरडत. पाहुणे यायचे असले की तिला मागे हाकलत. पण तिचे अंडे पाच-सहा गुणांचे, आणि मे महिन्यात बाकीच्या कोंबड्या चोच वासून सावलीत पडल्या तेव्हाही ती उकिरडा उकरत होती. अंगावर पिसे कमी असल्याने या कोंबड्यांना उष्णता कमी बाधते, आणि मराठवाड्याच्या उन्हात ते साधे काम नव्हे. आम्ही दिसण्यासाठी निवड करायला बसलो असतो तर पहिली तीच कापली गेली असती.

तिची अंडी खुडूक बसलेल्या दुसऱ्या कोंबडीखाली रवणाला ठेवली. ती स्वतः फारशी खुडूक होत नाही, आणि हेही वहीत लिहिण्यासारखे होते. नुसत्या अंड्यांसाठी निवड करत गेले की उबवण्याची ओढ मागे पडते. लेगहॉर्नची तशीच गेली. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना खुडूक होणारी एक-दोन घराणी राखावीच लागतात. एकविसाव्या दिवशी बारापैकी दहा पिल्ले निघाली. सातव्या दिवशी लासोटाचा थेंब दिला. मानमोडीने एकदा आमचे सगळे खुराडे रिकामे केले आहे, तेव्हापासून लस चुकवत नाही.

त्या दहांतला एक कोंबडा ठेवला. लाल, पाय पिवळे, देखणाही होता. (हे पिवळे पाय म्हणे आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्या राखी रानकोंबड्याची देणगी आहेत. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांवरून तसे दाखवले. बाकी कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा.) पुढच्या वर्षी तोच कोंबडा त्याच्याच आई-बहिणींवर राहिला. अंडी गडद झाली, पण बारातून सहाच पिल्ले निघाली, त्यातही दोन लुळी. रक्त फार जवळ आले होते. आम्ही शुद्धतेच्या मागे लागून घर आतून बंद करून घेतले होते. तेव्हा नेकनूरच्या नात्यातल्या खालांकडून कोंबडा बदलून आणला. या वेळी आधी त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला, त्याच्या आईची अंडी पाहिली, मग कोंबडा काखेत मारला. खाला म्हणाल्या, "मुलीसाठी स्थळ बघायला आलात का रे?"

खरे तर आमच्या कोंबड्यांना 'जात' म्हणता येत नाही. गावरान हे जातीचे नाव नाही. देशी जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत होते. तिथे आपल्या बाजूची म्हणून आहे ती महाराष्ट्र-गुजरात सीमेवरची बुसरा. आमचे ध्येय एवढेच की आईसारखी लेक निपजावी, आणि एका टोपलीतली अंडी एका रंगाची दिसावीत. तीन वर्षे गेली. कोंबडीची एक पिढी म्हणजे जवळजवळ एक वर्ष, त्यात घाई चालत नाही.

त्या बाराशेच्या कोंबड्याच्या चार लेकी अजून आहेत. अंडी भरपूर देतात, फक्त पांढुरकी. अम्मी त्यांना विकू देत नाहीत. त्यांची अंडी आता वेगळ्या टोपलीत जातात, एक रुपया कमी भावाने, आणि कोणती कोणाची हे शाळेत विचारण्याआधीच सांगितले जाते. ते ज्येष्ठ सहकारी आता पुन्हा घेतात. एकेक अंडे खिडकीच्या उजेडात धरून पाहतात, मग पिशवीत ठेवतात. नेकनूरच्या कोंबड्याच्या तलंगा दिवाळीच्या सुमारास अंड्यावर येतील. वहीत त्यांच्या नावाची पाने आखून ठेवली आहेत.