पृष्ठफळ मोठं, म्हणून सच्छिद्र?

यवतहून रेल्वेने पुण्याला एमएस्सीसाठी जाणारी मुलं-मुली सुट्टीत प्रकल्प अहवाल दाखवायला आणतात. आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण केलेले असतात आणि शेवटी एक वाक्य हमखास असतं: ‘बीईटी पृष्ठफळ ग्रॅमला ११० चौरस मीटर, म्हणून पदार्थ सच्छिद्र.’ बीईटी ही पृष्ठभागावर साचलेल्या नायट्रोजनवरून पृष्ठफळ काढायची पद्धत; पण हा ‘म्हणून’ चुकीचा आहे. छापील शोधनिबंधांतही तो भेटतो, तेव्हा मला राग येतो.

हिशेब करा. हेमॅटाइट या आयर्न ऑक्साइडची घनता घन सेंटिमीटरला ५.२६ ग्रॅम. १० नॅनोमीटर व्यासाचे पूर्ण भरीव गोल कण घ्या. ६००० ला घनतेने आणि नॅनोमीटरमधल्या व्यासाने भागा. उत्तर ग्रॅममागे ११४ चौरस मीटर. छिद्र एकही नाही!

मग यंत्राने दाखवलेली छिद्रं कुठली? खसखशीच्या ढिगाऱ्यात दाण्यांच्या मधे मोकळी जागा असतेच. उणे १९६ अंशांना नायट्रोजन तिथेही साचतो. दाबानुसार साचणाऱ्या नायट्रोजनचा वक्र ०.९ सापेक्ष दाबापुढे एकदम चढला, तर ती बहुधा कणांमधलीच जागा. पूड दाबून गोळी करा आणि पुन्हा मोजा: मधली जागा बदलेल, कणाच्या आतलं छिद्र सहसा बदलणार नाही. पण त्याआधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कणांचा आकार काढून वरचा हिशेब करा. मोजलेलं पृष्ठफळ त्याच्या बरंच वर गेलं, तरच आतल्या छिद्रांची गोष्ट बोलावी.

दुसरी चूक तयारीतली. मोजणीआधी नमुना निर्वातात तापवून त्यातला ओलावा आणि वायू काढतात. गोथाइट हे पाणी धरून असलेलं लोहखनिज २०० अंशांच्या वर तापवलं, तर त्यातलं पाणी सुटून हेमॅटाइट होऊ लागतं आणि जाताजाता बारीक फटी पडतात. ज्वारी मोजायला दिली आणि मोजली लाही! तरी तापमानाचा उल्लेख अहवालात नसतो.

अहवालांत भेटणारे आणखी तीन समज. ‘३.८ नॅनोमीटरची छिद्रं सापडली’: नायट्रोजनच्या परतीच्या वक्रात ०.४२ सापेक्ष दाबाजवळ द्रव अचानक सुटतो, त्यातून हे शिखर नुसतं भासतं. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५च्या अहवालात हा इशारा आहे.

‘बीईटी सगळीकडे चालतं’: २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांत त्या आकड्याला खरं पृष्ठफळ समजू नये, असंही तोच अहवाल सांगतो.

‘सच्छिद्र नसेल तर पदार्थ निकामी’: पाण्यातलं आर्सेनिक लोहऑक्साइडच्या बाहेरच्या पृष्ठभागालाही चिकटतं. भरीव बारीक कणही ते काम करतात.