रिचार्ज कोणता मारायचा?



सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. पैठण तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि उठता उठता एक काकू म्हणाल्या, "मॅडम, केवायसी करायला बसले, पण ओटीपीच येईना." फोन हातात घेऊन बघितला. रिचार्ज संपून दोन महिने होत आले होते. घरात तीन फोन. काकांच्या आणि मुलाच्या फोनवर रोज २ जीबीचा प्लॅन, आणि काकूंचा फोन "तुला कुठं नेट लागतं?" म्हणून तसाच पडलेला. पण आधारला, बँक खात्याला, योजनेला नंबर जोडलेला काकूंचाच!

म्हणून आज प्लॅनबद्दल जरा सविस्तर सांगते. मुळात ही दोन वेगळी कामं आहेत. एक, नंबर चालू ठेवणं. दुसरं, नेट वापरणं. दुकानात आपण "रिचार्ज मारा" एवढंच म्हणतो, आणि दुकानदार दोन्हीचं मिळून काढून देतो.

आधी "अनलिमिटेड" या शब्दाचं बघू. यात अनलिमिटेड असतात ते कॉल. नेटला रोजची मर्यादा असते, १ जीबी, दीड जीबी किंवा २ जीबी. ती संपली की नेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे किती? एक एमबीचा साधा फोटो यायला दोन मिनिटं. व्हिडिओचं तर नावच नको. आणि दिवसभरात जे उरलं, ते बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बारा वाजता जातं, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. फाइव्ह-जी मात्र खरंच अनलिमिटेड देतात, पण त्याला फोन फाइव्ह-जीचा हवा, गावात तशी रेंज हवी आणि प्लॅनही वरचा हवा. संभाजीनगरात राहणारी भाची वापरते म्हणून आपल्या वाडीवर चालेलच असं नाही.

लिमिटेड प्लॅनमध्ये पूर्ण मुदतीसाठी मिळून ठरावीक डेटा असतो. इथंच घोळ होतो. "२ जीबी" वाचून एका ताईंनी रिचार्ज मारला, त्यांना वाटलं रोजचा आहे. चौथ्या दिवशी नेट संपलं. भांडायला दुकानात गेल्या, तर त्यानं दाखवलं, २८ दिवसांचे मिळून २ जीबी. ताई म्हणाल्या, "मी तर काहीच बघितलं नाही." खरं होतं ते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आलेले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आपोआप डाउनलोड होत होते. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज आणि डेटा" असं असतं, तिथं मोबाईल डेटावर आपोआप डाउनलोड होणं बंद करा. एवढ्यानंच बराच डेटा वाचतो.

आता पैशाचं. दुकानात किंमत विचारली की लगेच दिवसानं भागा, तरच खरं कळतं. जुलै २०२४ ला सगळ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यात जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला, म्हणजे दिवसाला पावणेअकरा रुपयांच्या आसपास. एअरटेलचा २८ दिवसांचा एकूण २ जीबीचा १७९ वरून १९९ झाला, म्हणजे दिवसाला सात रुपये. आणि हो, २८ दिवस म्हणजे महिना नव्हे! वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज होतात. त्या दीड जीबीवाल्याचे वर्षाला ३,८८७ रुपये. आपल्या गटात महिन्याला १०० रुपये बचत करणाऱ्या ताईची वर्षाची बचत १,२०० होते, हे मी मुद्दाम शेजारी मांडते.

नेट अजिबात नको असेल तर? पूर्वी सोयच नव्हती, नको असलेल्या नेटचे पैसे भरावे लागायचे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला की फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही कंपन्यांनी द्यायलाच हवेत. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. तेव्हा जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला होता, एअरटेलचा ४६९ ला. दिवसाला साडेपाच रुपयांच्या आतबाहेर. दुकानदार आपणहून हा सांगेलच असं नाही, "फक्त कॉलचा, नेट नसलेला" असं स्पष्ट मागा. दर बदलत राहतात, म्हणून त्या दिवशीचा विचारून घ्या.

काकूंच्या घरात आम्ही हेच बसवलं. काकूंना नेट नसलेला पॅक, ओटीपी येतो, कॉल होतात. फोन-पे करायचं असलं की मुलानं घरी हॉटस्पॉट लावून द्यायचा. पैसे पाठवायला डेटा अगदी थोडा लागतो. बँकेचं काम नेटशिवाय *९९# डायल करूनही होतं, मराठीत. मुलगा कॉलेजला जातो, व्हिडिओवर शिकतो, त्याचा रोजचा २ जीबी योग्यच आहे. काकांचा कमी करायचा का, यावर मात्र घरात अजून चर्चा चालू आहे!

सीआरपी ताईंचं वेगळं. लोकोसमध्ये नोंदी, बैठकीचे फोटो, व्हिडिओ कॉलवरची प्रशिक्षणं, त्यांना रोजच्या मर्यादेचाच प्लॅन परवडतो. दुधाचा, पापडाचा, शिलाईचा धंदा व्हॉट्सअॅपवर चालवणाऱ्या तायांनी महिनाभर आपला वापर बघावा. फोनच्या सेटिंगमध्ये "डेटा वापर" असतं, तिथं महिन्याचा आकडा दिसतो. चार-पाच जीबी जात असेल तर एकूण २ जीबीचा पुरणार नाही, आणि दीड जीबी आला की रोजचा प्लॅन म्हणजे पैसे वाया.

एक मात्र कुणीच करू नका, आधारला जोडलेला नंबर बंद पडू देऊ नका. मुदत संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे कॉल आणि एसएमएसही. सलग ९० दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं तोच दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग आपल्या खात्याचे मेसेज कोणाच्या हातात जातील, विचार करा.

पुढच्या बैठकीला येताना फोन घेऊन या, सेटिंगमधला महिन्याचा आकडा आपण सगळ्या मिळून बघू. सिम कुणाच्या नावावर आहे तेही घरी विचारून या. मागच्या वेळी विचारलं तर निम्म्या तायांना माहीतच नव्हतं.