भार ओळखणारी हाडं

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या देहात ३०० हाडं असल्याचं म्हटलं आहे. चरकसंहितेत हाच आकडा ३६० आहे, आणि शाळेच्या पुस्तकात आपण २०६ पाठ केलेली असतात. जुन्या वैद्यांनी अंदाजानेच आकडा ठोकून दिला असेल, असं कुणाला वाटेल. तसं नाही. सुश्रुतांनी हाडांचे पाच प्रकार केले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यातली रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे नाका-कानातल्या कूर्चा. या दोन्ही गोष्टी हाडांत धरल्या की मोजणी वाढणारच. मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून, तो मऊ झाल्यावर एकेक थर सोडवत आतली रचना पाहायची पद्धतही याच ग्रंथात दिली आहे. डोळ्यांनी पाहून लिहिण्याची ही शिस्त मला आकड्यापेक्षा मोठी वाटते. युरोपात खालचा जबडा दोन हाडांचा असतो हे प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचं म्हणणं शतकानुशतकं चाललं. तो एकसंध आहे हे शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेआस व्हेसेलियसने १५४३ साली छापलेल्या ग्रंथात ठामपणे मांडलं, तेही स्वतः विच्छेदन करूनच.

शिवाय २०६ ही मोजणी प्रौढ माणसाची. तान्ह्या बाळात सुट्या हाडांची संख्या २७० ते ३०० च्या आसपास असते. पुढे ती एकमेकांना जुळत जातात. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी पाच मणके जुळून एक होतं. बाळाची टाळू आपण तेल घालून जपतो, ती म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न भरलेली जागा. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तिचं हाड झालं की उंची थांबते. सगळ्यात शेवटी जुळतं ते गळ्याजवळचं खांद्याचं हाड, म्हणजे जत्रू, तेही विशी उलटून गेल्यावर. जन्मदाखला नसलेल्या मुलाचं वय ठरवताना मनगटाचा, कोपराचा एक्स-रे काढतात तो याच कारणाने. मात्र त्यात दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात, हे न्यायालयंही धरून चालतात.

हाडांवरून वय कळतं ते फक्त जिवंतांचंच नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथल्या तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफनं मिळाली. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेलं होतं, आणि मोठ्यांच्या कित्येक सांगाड्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली होती. त्या माणसांची नावं, भाषा आपल्याला कधीच कळणार नाहीत. पण कोण किती वर्षांचं असताना गेलं, कुणाचे दात किडले होते, लहानपणी कुणाची उपासमार झाली होती, हे त्यांच्या हाडादातांवरून वाचता येतं.

हे वाचता येतं, कारण जिवंतपणी हाड सतत घडत असतं. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा; उरलेला बहुतेक कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा. कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आम्लात खनिज विरघळतं आणि हाड वाकवता येतं. उलट ते चुलीत जाळलं तर कोलॅजन जळून जातं. आकार तसाच राहतो, पण बोटांनी दाबताच भुगा होतो. स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट मिळून जे काम करतात, तेच काम इथे कोलॅजन आणि खनिज करतात: एक ताण सोसतं, दुसरं दाब.

या बांधणीत पेशी राहतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड पोखरतात, त्यांच्या मागोमाग ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात. एका जागेचं हे काम पुरं व्हायला काही महिने लागतात, आणि वर्षाकाठी प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा भाग नवा होतो. कुठे पोखरायचं आणि कुठे भरायचं, हे ठरवण्यात हाडातच रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइट या पेशींचा मोठा वाटा असतो. हाडावर भार आला की त्यांना तो जाणवतो. जिथे भार जास्त, तिथे हाड दाट होतं. जिथे भार नाही, तिथलं काढून घेतलं जातं. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला. टेनिसपटूच्या खेळत्या हातातलं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. अंतराळवीरांचं उलट होतं. वजनच जाणवत नाही म्हटल्यावर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं, म्हणून तिथे त्यांना रोज तासन्‌तास व्यायाम करावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या हाडांचंही हेच होतं, म्हणूनच ऑपरेशननंतर डॉक्टर दुसऱ्या दिवशीच उभं राहायला लावतात. ती डॉक्टरांची घाई नव्हे.

मोडलेलं हाड जुळतं तेही या पेशींमुळे. आधी रक्त साकळतं, मग मऊ आणि पुढे कठीण जोड तयार होतो, आणि कित्येक महिने तो घासून-भरून मूळ आकाराला आणला जातो. कातडीला व्रण राहतो. नीट बसवलेल्या हाडात बहुधा तोही उरत नाही. आपल्याकडे गावोगावी हाडवैद्य होते, अजून आहेत. निसटलेला खांदा बसवण्यात त्यांतल्या अनेकांचा हात बसलेला असतो, हे मी आदराने मान्य करते. पण एक्स-रे न काढता बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की रक्तपुरवठा तुटतो आणि हात-पाय काळा पडून कापावा लागू शकतो. बांधल्यावर बोटं सुजली, गार पडली किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर रात्र काढू नका. ताबडतोब पट्टी सोडवा आणि रुग्णालय गाठा.

सांध्यांची गोष्ट थोडी वेगळी. कवटीचे शिवण-सांधे हलतच नाहीत, मणके थोडे हलतात, खांदा जवळपास सगळीकडे फिरतो. या मोकळेपणाची किंमत खांदा मोजतो: मोठ्या सांध्यांमध्ये सर्वात जास्त वेळा निखळतो तो तोच. मानेचे पहिले दोन मणके तर पाहण्यासारखे आहेत. ‘हो’ म्हणताना मान मुख्यतः पहिल्या मणक्यावर डोलते, ‘नाही’ म्हणताना पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो.

गुडघ्यावर थोडं थांबायला हवं, कारण चाळिशीनंतर घरोघरी बोलणं त्याचंच असतं. गुडघ्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातलं वंगण हेच तिचं अन्न, आणि ते तिच्यात मुरतं दाबण्या-सुटण्यातून, म्हणजे हालचालीतून. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून चालणंच सोडणाऱ्याची कूर्चा उपाशी राहते. वजन मात्र खरोखर महत्त्वाचं. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. उकिडवं बसताना गुडघा १३० अंशांच्याही पुढे वाकतो; झिजलेल्या गुडघ्याला ते सोसत नाही, त्याने खुर्चीत बसावं. पण धडधाकट माणसाने मांडी घालून जेवणं का सोडावं, मला कळत नाही.

हाडांचा साठा विशी-तिशीपर्यंत वाढतो, पुढे ओसरतो. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि पहिली काही वर्षं घसरण वेगाने होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट. तरी नुसत्या भाकरीने भागत नाही. कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार होतं उन्हातल्या ज्या किरणांमुळे, ती खिडकीची काच अडवते. उन्हाच्या देशात आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता इतकी आढळते, याची मला मनापासून खंत वाटते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांचं दुखणं आणखी वेगळं. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. वर्षानुवर्षं ते पिऊन हाडं घट्ट होतात, पण ठिसूळ. पाठ ताठरते, सांधे आखडतात. त्यावर औषध नाही, पाणी बदलणं हाच उपाय. म्हणून तो प्रश्न दवाखान्याचा नसून पाणीपुरवठ्याचा आहे.

विरळ झालेल्या हाडाचं पहिलं लक्षण बहुधा वेदना नसते. पाठीचे मणके हळूहळू दबतात, उंची घटते, पाठीला बाक येतो, आणि घरातले म्हणतात, वय झालं. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुबा मोडतो. या दिवाळीत सगळे एकत्र जमाल तेव्हा पन्नाशीपुढच्या आई, मावशी, आत्या, सासूबाई यांची उंची भिंतीशी उभं करून मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती चार सेंटिमीटर किंवा अधिक कमी भरली, तर हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा.